सवलत नको, जेट्टीला कठडा द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत दोन पानं समोरासमोर आली होती. एका पानावर निवृत्तांनी कसं फिरावं याचा लेख, म्हणजे चारधाम पॅकेज, अष्टविनायक, आणि ज्यांच्या खिशात आहे त्यांच्यासाठी क्रूझ, वर फोटो कुठल्यातरी परदेशी जोडप्याचा, पांढऱ्या बोटीवर पांढरे कपडे घालून बसलेले. आणि शेजारच्या पानावर बातमी की कोकणात आणि धरणांच्या पाण्यावर जलपर्यटनाला आता चालना मिळणार, तिथे फोटो जेट स्कीवर बसलेल्या पोराचा. मी आणि आमची ही, दोघांनी चहा घेता घेता दोन्ही पानं वाचली आणि आम्हाला एकच प्रश्न पडला की ह्या दोन पानांची एकमेकांशी ओळख कुणी करून देणार आहे का नाही? कारण आम्ही दोघं निवृत्तही आहोत आणि पाण्यावर फिरायची हौसही आम्हालाच आहे, पण आम्ही ना त्या क्रूझवाले ना जेट स्कीवाले, आणि आमच्यासारखे लोक महाराष्ट्रात ढिगाने आहेत. म्हणून हे पत्र, आमच्यासारख्यांना बोटीत नीट चढता उतरता यावं यासाठी. लांबलंय, सांभाळून घ्या.

आधी ओळख सांगतो. मी ६७ वर्षांचा, सगळी नोकरी वीज खात्यात, त्यातली बरीचशी कोयना धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या पोफळीच्या पॉवर हाऊसमध्ये. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, पोफळीचं पॉवर हाऊस जमिनीवर नाही, डोंगराच्या पोटात आहे, कामावर जायचं म्हणजे बोगद्यातून आत जायचं. ही प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. राहायला चिपळूण. एक मुलगी पुण्याला, मुलगा कॅनडात टोरांटोजवळ. म्हणजे अगदी सर्वसाधारण मराठी कुटुंब, जिथे सगळे एकत्र येतात ते मे महिन्यात आणि जमलं तर गणपतीत.

नोकरीत असताना कोयनेचं पाणी म्हणजे आमच्यासाठी लेव्हल होती. आज लेव्हल किती, किती युनिट म्हणजे वीज करणारी मशीनं चालवायची, एवढाच संबंध. १९९९ च्या मार्चमध्ये पहिलं लेक टॅपिंग झालं, म्हणजे धरण रिकामं न करता तळाला स्फोट करून पाणी बोगद्यात घेतलं, तेव्हा कॉलनीत काय वातावरण होतं ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच माहीत. २०१२ ला दुसरं झालं. पण एवढं सगळं त्या पाण्याच्या जिवावर असून त्या पाण्यावर नुसतं बसायला म्हणून मी कधी गेलो नव्हतो. रिटायर झाल्यावर हीच म्हणाली की तुमचं ते धरण मागच्या बाजूने कसं दिसतं ते तरी बघू या की एकदा. आणि तिथून हे वेड लागलं.

आमचा आवडता कार्यक्रम सांगतो. चिपळूणहून सकाळी लवकर निघायचं, कुंभार्ली घाट चढायचा, कोयनानगरला पहिला चहा, मग पाटण, उंब्रज, सातारा, आणि साताऱ्याहून कासच्या पठारावरून बामणोली. कासला फुलांच्या सीझनला जी गर्दी होते ती आम्ही टाळतो, फुलं नसतानाही तो रस्ता सुंदरच आहे. बामणोलीला किंवा पलीकडे महाबळेश्वरच्या बाजूने उतरलं तर तापोळ्याला बोट क्लब आहेत, शिवसागर जलाशयात, म्हणजे कोयना धरणाच्याच पाण्यात, बोटी फिरवतात. जवान मंडळी वासोटा किल्ल्यावर जातात, आम्ही जातो दत्ताच्या देवळाला, जिथे कोयना, सोळशी आणि कांदाटी अशा तीन नद्या एकत्र येतात. बोटवाल्याला आधीच सांगायचं की बाबा घाई नाही, हळू ने. मग इंजिन बारीक करून तो त्याच्या गप्पा सांगतो, पाण्याखाली आमचं गाव कुठे होतं, देऊळ कुठे होतं, शेत कुठे होतं. एकाने तर बोट थांबवून हाताने दाखवून सांगितलं की ह्या इथे आमच्या आज्याचं खळं होतं. मी आयुष्यभर ज्या विजेवर पगार घेतला ती वीज ह्यांच्या खळ्यावर उभी आहे, आणि तो माणूस मला, काका नीट बसा, उन्हाकडे पाठ करा असं सांगतोय. तेव्हा मी गप्प बसलो, ही मात्र त्याच्याशी बोलत होती.

आता नातवंडांना मी जे सांगतो ते इथेही सांगतो कारण अजून कितीतरी जणांना हे माहीत नसतं. ह्या तापोळ्याच्या पाण्यात पोरं हात बुडवून बसतात, ते पाणी खरं तर कृष्णेचं, म्हणजे त्याने जायचं ते बंगालच्या उपसागराला. पण त्यातलं ६७.५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी वर्षाला पश्चिमेकडे वळवायची परवानगी आहे, ते डोंगरातून बोगद्याने खाली पोफळीला येतं, तिथून कोळकेवाडी धरणात, तिथून वाशिष्ठी नदीत, आणि वाशिष्ठीतून आमच्या चिपळूणला वळसा घालून दाभोळच्या खाडीत. आणि दाभोळच्या खाडीवर आमचा दुसरा आवडता कार्यक्रम असतो तो म्हणजे फेरी बोट. म्हणजे घाटावरून निघालेलं पाणी आणि घाटावरून निघालेले आम्ही, दोघं दाभोळला भेटतो. नातू म्हणाला, आबा, मग पाणी पहिलं पोचतं का आपण? मी एवढी वर्षं खात्यात काढली पण ह्याचं उत्तर काही मला देता आलं नाही, मध्ये कोळकेवाडीला किती अडवतात त्यावर आहे म्हटलं.

ही सगळी हौस दोघांपुरती असती तर पत्र लिहिलंच नसतं. दोघं काय, एकमेकांचा हात धरून कशीही चढतो. खरी गंमत आणि खरी अडचण सुरू होते मे महिन्यात, जेव्हा सगळं खटलं जमतं. आमच्याकडे भावंडं, चुलत भावंडं, त्यांची मुलं, सुना, जावई, विहीणबाई, आणि शेजारच्या काकू ज्या घरच्यासारख्याच आहेत, अशी सगळी मंडळी येतात. व्हॉट्सअॅपवर ग्रुप फेब्रुवारीपासूनच पेटलेला असतो, कोण कुठल्या गाडीत, कोणाला पुढची सीट, कोणाला गाडी लागते, आंब्याच्या पेट्या किती. घरी दोन दिवस नुसतं खाणं, कुयरीची भाजी, आंबोळ्या, एक दिवस कोंबडी वडे, शाकाहारी मंडळींना बिरड्याची उसळ, आणि रात्री गच्चीवर गाद्या टाकून गप्पा ज्यात तीच तीच माणसं तेच तेच किस्से सांगतात आणि सगळे पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसतात. २०२१ च्या जुलैच्या पुरात आमच्या खालच्या मजल्यावर पाणी आलं, आमची जुनी गाडी त्यात गेली, तो किस्सा आता एवढा रंगतो की ऐकणाऱ्याला वाटावं आम्ही पिकनिकलाच गेलो होतो. तेव्हा काय झालं होतं ते आमचं आम्हाला माहीत. असो.

तर तिसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन पाण्यावर जायचं असा आमचा रिवाज. आणि इथेच माझी तक्रार.

मागे एका मे महिन्यात आम्ही कोकणातल्या एका जेट्टीवर गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथले बोटवाले स्वभावाने फार चांगले आहेत आणि जेट्टी काही त्यांनी बांधलेली नाही. तर ओहोटीची वेळ, पाणी खाली गेलेलं. जेट्टीच्या दगडी पायऱ्या, त्यातल्या खालच्या चार पाच हिरव्यागार शेवाळलेल्या, बाजूला धरायला काही म्हणजे काही नाही. खाली बोट हलतेय, बोट आणि पायरी यांच्यामध्ये कधी वीतभर अंतर तर कधी हातभर. बोटीच्या बाजूला जुना टायर लटकवलेला. बोटीवरचा मुलगा हात पुढे करून म्हणतो, काकू, टायरवर पाय द्या आणि या. आमच्या हिचे दोन्ही गुडघे गेलेले, अंगावर सहावारी, एका हातात पर्स. ती म्हणाली, अरे मी शाळेत असताना तुझ्याएवढ्या पोरांना टायरमधून उड्या मारायला लावायचे, आता माझ्यावर वेळ आली का. सगळे हसले, मग एकाने पुढून ओढलं, जावयाने मागून आधार दिला, आणि ती एकदाची आत गेली, पण आत बसल्यावर पाच मिनिटं बोलली नाही. परत येताना हेच सगळं उलट करायचं आहे हे तिच्या डोक्यात होतं, तिने समुद्र काय बघितला असेल.

आणि विहीणबाई गेल्याच नाहीत. त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं, मला काही हौस नाही बाई, तुम्ही जाऊन या, मी चपला आणि पिशव्या सांभाळते. संपादक महोदय, तुम्ही कुठल्याही जेट्टीवर मे महिन्यात जाऊन उभे राहा, तुम्हाला अशा बायका आणि कधी कधी पुरुषही दिसतील, सिमेंटच्या कट्ट्यावर, डोक्यावर पदर किंवा रुमाल घेऊन, आजूबाजूला दहा बारा जणांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या, आणि नजर गेलेल्या बोटीकडे. ह्यातल्या एकीलाही हौस नसते असं मला अजिबात वाटत नाही. आमच्या विहीणबाई पंढरपूरला चंद्रभागेत होडीत बसून पलीकडे जाऊन आलेल्या आहेत आणि ते अजून रंगवून सांगतात. त्यांना हौस नाही असं कसं म्हणायचं? त्यांना चारचौघात कुणीतरी काखेत हात घालून उचलावं हे नको असतं. सावली असती, बसायला पाठ टेकायची बाकडी असती, बाथरूम असतं तर निदान तिथे बसणं तरी सुखाचं झालं असतं. तेही नाही. बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, का, तर पुढे सोय असेल का नाही हे माहीत नाही. मे महिन्यात कोकणात, पाणी न पिता. हे कुठल्या पर्यटन लेखात येत नाही.

आता दाभोळची फेरी बघा. तिकडे गुहागर बाजूला धोपावे, इकडे दाभोळ. बोटीचं तोंड उघडतं, उतारावर टेकतं आणि गाडी सरळ आत. ज्याला चालता येतं तो चालत जातो, ज्याला येत नाही तो गाडीतच बसून राहतो. ना पायरी, ना टायर, ना काखेत हात. विहीणबाई इथे अगदी पहिल्या नंबरने आत. वर बाकावर बसून त्यांनी वारा खाल्ला, कुणीतरी करवंदं आणली होती ती खाल्ली, आणि पलीकडे उतरल्यावर विचारलं, एवढंच? परत जायचं का? आणि आम्ही खरंच परत गेलो, गाड्या तिकडेच ठेवून नुसते माणसं माणसं, काही काम नसताना, आणि मग पुन्हा आलो. तिकीट काय फार नसतं. एवढं सगळं खटलं एका वेळी एका बोटीत, लहान मूल गाडीत झोपलेलं, म्हाताऱ्या वर गप्पा मारताहेत, मधली पिढी मोबाईलवर फोटो काढतेय, मला तर आमच्या घराण्याची सर्वात यशस्वी बोट सहल तीच वाटते, आणि ती पर्यटन म्हणून कुणी काढलेलीच नाही! ती आहे वाहतुकीची सोय. अशीच तवसाळहून जयगडला आहे, मग पुढे गणपतीपुळे. बाणकोटच्या खाडीवर वेसवी ते बागमांडला, मग हरिहरेश्वर, श्रीवर्धन. दिघी ते आगरदांडा, मग मुरूड. गुहागरहून मुरूडपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं ठरवलं तर तीन खाड्या फेरीने पार होतात आणि हायवेचं तोंडही बघायला लागत नाही. आम्ही दोघांनी मुक्काम करत करत ही ट्रिप केलेली आहे, गाडीत मागे खुर्च्या, गॅसची छोटी शेगडी आणि हिचा मसाल्याचा डबा. ज्याला वेळ आहे त्याने जरूर करावी. मुंबईकरांना तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो रो २०२० पासून आहेच.

आता ह्या खाड्यांवर पूल होणार, रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी. व्हायलाच हवेत. रात्री कुणाला बरं नसलं, बाळंतपणाची केस असली तर फेरी बंद असते आणि मग खाडीला वळसा घालून जायचं म्हणजे काय ते तिथल्या लोकांना विचारा. त्यामुळे पूल नको म्हणणारा मी नाही. पण पूल झाला की फेरी भंगारात काढायची, हे आपोआप होऊ नये एवढंच म्हणणं आहे. दिवसाला थोड्या फेऱ्या ठेवा, सुट्टीत, शनिवार रविवारी. ज्यांना घाई आहे ते पुलावरून जातील, आम्हाला कुठे घाई आहे.

बाकी जेट्ट्यांचं काय करायचं तर माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे फार मोठं काही नाही. आमच्या कोकणात जुनी माणसं तिथीवरून भरती काढतात, तिथीला पाऊणपट करायचं की भरतीची वेळ आली. म्हणजे चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. थोडं इकडे तिकडे होतं पण चालतं. आम्ही सहलीची तारीख त्यावरून ठरवतो, मुलगी हसते, म्हणते लोक वेदर अॅप बघतात आणि तुम्ही कॅलेंडरवर अष्टमी बघता. पण अष्टमीला दुपारी बारा वाजता गेलं की पाणी खाली गेलेलं असतं आणि पायऱ्या उघड्या पडलेल्या असतात, पौर्णिमेला त्याच वेळी बोट पायरीला येऊन लागते, हा फरक गुडघ्यांना कळतो, अॅपला नाही. आता प्रत्येकाने पंचांग बघून बोटिंगला जावं अशी अपेक्षा कशी करायची? मुलांच्या सुट्ट्या तिथीवर मिळत नाहीत. त्याला सरळ उपाय आहे आणि तो जगभर आहे, तरंगती जेट्टी. पाण्याबरोबर ती वर येते, पाण्याबरोबर खाली जाते, बोट आणि जेट्टी यांची उंची कायम तीच. किनाऱ्यापासून तिच्यापर्यंत एक फळी, तिला दोन्ही बाजूला कठडा. बस. आपल्याकडेही काही ठिकाणी आहेत, म्हणजे येत नाही असं काही नाही.

टोरांटोला मुलाकडे गेलो होतो तेव्हा तिथे शहरासमोरच्या बेटांवर फेरीने गेलो. व्हीलचेअरवरच्या आजीबाई आमच्या पुढे, कुणी हात लावला नाही, त्या सरळ चालवत आत गेल्या. अर्थात त्यांचं एक सोपं आहे, तळ्यात भरती ओहोटी नसते. पण आपल्या कोयनेत तरी कुठे भरती ओहोटी आहे? तिथे वेगळीच गंमत. जून ते मे असं धरणाचं वर्ष असतं. सप्टेंबर ऑक्टोबरला धरण भरलेलं, पाणी अगदी गावाला टेकलेलं, तेव्हा चढणं उतरणं फार अवघड नाही. पण मे महिन्यात, जेव्हा पोरांना सुट्टी असते आणि सगळं खानदान येतं, नेमकी तेव्हा लेव्हल तळाला गेलेली असते. मग गाडी लावायची एकीकडे आणि पाणी भलतीकडे, मध्ये सगळा तांबडा उघडा उतार, भेगा पडलेली माती, काठाला चिखल. लेव्हल खाली का जाते ह्याबद्दल मला विचारू नका, सगळं आयुष्य ती खाली नेण्यातच गेलंय. उन्हाळ्यात विजेची मागणी, पूर्वेकडे शेतीला पाणी, ते काही आमच्या बोटिंगसाठी थांबणार नाही आणि थांबूही नये. पण लेव्हल कशी कशी खाली जाणार हे दरवर्षी आधीच साधारण माहीत असतं. मग त्या उतारावर टप्प्याटप्प्याने पायऱ्या, एका बाजूला पाइपचा कठडा, आणि सरकवता येईल अशी तरंगती जेट्टी, हे अशक्य आहे का? खात्यात असताना आम्ही पाण्याखाली डोंगर फोडला हो.

आणि हे काम पहिलं तापोळा बामणोली भागात व्हावं असं मला मनापासून वाटतं. ज्यांच्या जमिनी गेल्या, ज्यांची निम्मी भावकी ठाण्या रायगडापर्यंत पांगली, त्या लोकांनी बोटी घेऊन आपलं पोट भरायचा रस्ता काढलाय. आमच्यासारखी म्हातारी माणसं तिथे सीझन नसताना जातात, मधल्या वारी जातात, जेवतात, मुक्काम करतात, मध नाचणी विकत घेतात. तरुण मुलं शनिवारी येतात, वासोटा करतात आणि रविवारी रात्री गायब. मंगळवारी दुपारी बोट रिकामी उभी असताना तिला गिऱ्हाईक कोण, तर आम्हीच. हा हिशोब जलपर्यटनाच्या कुठल्या आराखड्यात मी अजून वाचला नाही.

लाइफ जॅकेटचंही बोलायलाच हवं. मे २०२४ मध्ये उजनीत कुगाव कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. त्याच वर्षी डिसेंबरच्या १८ तारखेला गेट वेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीड बोट धडकली, ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. त्यानंतर थोडे दिवस सगळीकडे जॅकेटं घालायला लावत होते. आता पुन्हा काय होतं, जॅकेटं असतात, पण पट्टा तुटलेला, चेन लागत नाही, किंवा सगळी एकाच मापाची. जाड माणसाला पुढे येत नाही, लहान पोराच्या कानापर्यंत जातं. आमच्या एका वहिनींनी तर ते खाली घेऊन त्याच्यावर बैठक मारली आणि बोटवाला काही बोलला नाही. मी बोललो, तर मीच वाईट झालो. म्हणून आमच्याकडे नियम केलाय, जॅकेट नाही तर बोट नाही, आणि मे महिन्यात बोटिंग सकाळीच, दुपारी जेवून सगळे घरी. वळीव कधी येईल सांगता येत नाही आणि धरणाच्या पाण्यावर वारा सुटला की लाटा बघता बघता उठतात. बोटवाल्यांना हे आपल्यापेक्षा जास्त कळतं, ते नाही म्हणाले तर हुज्जत घालू नये. पुण्या मुंबईची काही मंडळी दोनशे रुपये जास्त देतो म्हणून मागे लागतात, हे मी डोळ्याने पाहिलंय.

काही जण म्हणतील एवढं होतं तर म्हाताऱ्यांनी घरी बसावं, कशाला हवंय बोटिंग. मला असं तोंडावर म्हणणारा एक जण भेटला, तोही आमच्याच वयाचा! त्याचं म्हणणं देवदर्शन करा. अहो देवदर्शनालाही बोटीनेच जायचंय आम्हाला, दत्ताच्या देवळाला जायला दुसरा रस्ता आम्हाला कुठे झेपणार. आणि ज्येष्ठांसाठी काही मागितलं की लगेच सवलतीवर गाडी येते. एसटीत आम्हा दोघांना अर्धं तिकीट, मला वयामुळे आणि हिला बाई म्हणून, दोघांचं मिळून एक तिकीट होतं, चांगलं आहे, आभारी आहोत. रेल्वेची सवलत मार्च २०२० ला बंद झाली ती झालीच, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर आपल्याकडे भरपूर पत्रं येत असतील. पण बोटीत मला सवलत नको आहे. बोटवाल्याने पूर्ण पैसे घ्यावेत, वर चहाचेही घ्यावेत. मला धरायला कठडा हवाय, तोही गंजलेला नाही, हाताला लागणार नाही असा. आणि बायकांसाठी बाथरूम, ज्याची किल्ली जागेवर असेल, दुकानदाराचा भाऊ गावाला घेऊन गेलेला नसेल.

एक सूचना आहे, हसू नका. ज्या कुणा साहेबांकडे जेट्टीचा प्लॅन मंजुरीला जातो त्यांनी सही करायच्या आधी आपल्या आईला किंवा सासूबाईंना घेऊन एकदा जागेवर यावं. ओहोटीला यावं, मे महिन्यात यावं, आणि त्या बोटीत कशा चढतात ते बाजूला उभं राहून बघावं. आणि त्या जर म्हणाल्या की मला हौस नाही, तुम्ही जाऊन या, तर प्लॅन परत पाठवावा.

ह्या मे महिन्यात आमची मंडळी परत येताहेत, कॅनडावाले पण येताहेत, आणि विहीणबाईंनी ह्या वेळी स्वतःहून तापोळ्याचं नाव काढलंय, त्यामुळे माझी तयारी जोरात आहे. लेव्हल रोज पेपरात बघतोय, जुनी सवय. पत्र आपल्या जागेत मावणार नाही हे मला कळतं, तेव्हा कापायचं झालं तर जेवणाचं कापा, पोफळीचं कापा, कॅनडाचं तर कापाच. कठडा, तरंगती जेट्टी आणि बाथरूम, एवढ्याला मात्र कात्री लावू नका.

आपला,
एक निवृत्त वाचक, चिपळूण
(पत्र सौ.ने वाचलं आहे. विहीणबाईंबद्दलचं त्यांना विचारून लिहिलं आहे.)